बडोद्याची मराठी : काय टिकले, काय गेले आणि का?

दांडियाबाजार (धागाकर्ता)

गेल्या जूनमध्ये माझी भाची पुढील शिक्षणासाठी पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातील एका मुलीने तिला सहज विचारले, "तू गुजराती ना? मग इतके चांगले मराठी कुठे शिकलीस?" भाचीने हा किस्सा फोनवर हसत हसत सांगितला, पण माझ्या आईला तो लागला. आमचे घराणे सात पिढ्या बडोद्यात आहे आणि घरात आजही मराठीखेरीज दुसरी भाषा बोलली जात नाही. गंमत अशी की याच भाचीने मांडवीच्या बाजारात गुजरातीतून दोन वाक्ये उच्चारली की दुकानदार हमखास "तमे मराठी?" असे विचारतो. म्हणजे पुण्यात ती गुजराती आणि बडोद्यात मराठी ठरते.

तेव्हापासून मी घरातील बोलण्याकडे कान देऊन ऐकू लागलो. आई शहाऐंशी वर्षांची आहे, मी साठी ओलांडली आहे आणि भाची एकोणीस वर्षांची आहे. या तीन तोंडांतून येणारी मराठी एकच आहे असे मी आजवर धरून चाललो होतो. ती एक नाही, हे कळायला मला पंधरा दिवस पुरले.

आधी जे टिकले आहे ते सांगतो. आमच्या घरात "ळ" अगदी ठणठणीत आहे. "बाळ", "काळा", "जवळ" हे शब्द भाची आईइतक्याच स्वच्छपणे उच्चारते. नपुंसकलिंगही शाबूत आहे, म्हणजे "ते पुस्तक", "ते पाणी", "ते मूल" यांत कोणाची चूक होत नाही. "आपण जाऊ" म्हटले की ऐकणारा सोबत आहे आणि "आम्ही जाऊ" म्हटले की तो मागे राहणार आहे, हा भेद सर्वांच्या तोंडी पक्का बसलेला आहे. "कृष्ण" या शब्दातील ऋकार आम्ही सगळे "रु"सारखाच म्हणतो.

आता जे गेले आहे ते पाहा. आईच्या तोंडी "माझा" आणि "माझी" यांतले झ निराळे आहेत: पहिल्यात जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते, दुसऱ्यात जीभ टाळूकडे वळते. "चमचा" आणि "चमचे" यांतल्या शेवटच्या च-कारांचेही तसेच आहे. भाचीच्या तोंडी हे दोन्ही झ आणि दोन्ही च टाळूचेच आहेत, आणि पुण्याच्या मुलींना जे खटकले ते बहुधा हेच असावे. (माझे स्वतःचे म्हणाल, तर मी घरात दातांचा च वापरतो आणि रिक्षावाल्याशी बोलून घरात शिरलो की पहिली दहा मिनिटे टाळूचा. हे मला पत्नीने दाखवून दिले.) "ज्ञान" हा शब्द आई "द्न्यान" असा म्हणते, तर भाची "ग्नान" आणि "ग्यान" यांच्या मधला काहीतरी उच्चार करते.

या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर मला एक गोष्ट दिसली. गुजरातीत ळ आहे. गुजरातीत तीन लिंगे आहेत. गुजरातीत "आपणे" आणि "अमे" असा नेमका आपल्यासारखाच भेद आहे, आणि ऋकाराचा उच्चारही "रु" असाच आहे. गुजरातीत दातांचा च नाही, आणि ज्ञ तर "द्न्य" असा कधीच उच्चारला जात नाही. म्हणजे जे शेजाऱ्याकडेही होते ते आमच्याकडे टिकले आणि जे शेजाऱ्याकडे नव्हते ते गेले. परक्या मुलखात भाषा "बिघडते" असे आपण सरसकट म्हणतो, परंतु ती सरसकट बिघडत नाही. शेजारची भाषा तिच्यातील काही गोष्टींना टेकू देते आणि काहींना देत नाही, एवढेच घडते.

हे खरे असेल, तर ग्वाल्हेर आणि इंदूरच्या मराठीत गळती वेगळ्या ठिकाणी झालेली दिसायला हवी, कारण तिथले शेजारी वेगळे आहेत. तिकडच्या मंडळींनी आपापल्या घरातले सांगावे, यासाठी हा धागा काढला आहे.

लष्करवाला

आपले म्हणणे वाचून मी थक्क झालो, कारण आपल्या दोन्ही याद्या उलट्या केल्या की आमची ग्वाल्हेरची मराठी जवळजवळ तयार होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. आमचे पूर्वज त्याच सुमारास आले. आजूबाजूला ब्रज आणि बुंदेली. या बोलींत ळ नाही आणि ण देखील नाही. माझ्या आजोबांच्या तोंडी दोन्ही होते, वडिलांच्या तोंडी ळ डळमळू लागला होता, आणि माझी मुले "बाल", "काला", "पानी" असेच म्हणतात. लिहिताना ती "बाळ" असे बरोबर लिहितात, पण वाचताना पुन्हा "बाल" वाचतात.

नपुंसकलिंगाची तर धूळधाण झाली आहे. "माझी पुस्तक कुठे आहे?" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दोनदा ऐकू येते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. "मूल" हा शब्द तर मुलांनी सोडूनच दिला आहे. ती "मुलगा" किंवा "मुलगी" म्हणून मोकळी होतात. कृष्ण आमच्याकडे "क्रिष्ण" झाला आहे. वर "मी जाऊन राहिलो आहे" हे आहेच, ते ऐकून पुण्याचे नातेवाईक आम्हाला नागपूरचे समजतात.

दातांचा च आमच्याकडेही गेला आहे. म्हणजे या एका बाबतीत बडोदे आणि ग्वाल्हेर एकाच नावेत आहेत, आणि तेही आपल्या नियमाप्रमाणेच, कारण हिंदीतही तो नाही.

शनिवारपेठी

इतके सोज्ज्वळ शब्द कशासाठी? "माझी पुस्तक" ही चूक आहे आणि चुकीला चूकच म्हणावे. टेकू वगैरे भाषा वापरल्याने ती बरोबर होत नाही.

ध्वनिवेडा

मी बडोद्यातच भाषाशास्त्राचा विद्यार्थी आहे. शनिवारपेठी, चूक आणि बदल यांतला फरक बहुधा काळाचाच असतो. १९६२ पूर्वी "नाहीं", "केलें", "मुलें" असे अनुस्वार देऊन लिहिणे हे शुद्धलेखन होते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम त्या वर्षी शासनाने स्वीकारले आणि ते अनुस्वार लिहिणे चूक ठरले. हा निर्णय झाला, कारण पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांच्या उच्चारातून ती नासिक्ये, म्हणजे नाकातले उच्चार, आधीच गेली होती. ती जेव्हा जात होती, तेव्हा तीही कोणाच्या तरी कानाला चूकच वाटली असणार.

धागाकर्त्यांच्या निरीक्षणात मला एक भर घालावीशी वाटते. मूल उच्चार शिकते ते आईवडिलांकडून कमी आणि बरोबरीच्या मुलांकडून जास्त, ही या शास्त्रातल्या सर्वांत पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. आता बडोद्यातील मराठी मुलाची स्थिती पाहा. त्याचे खेळगडी, शाळासोबती, पुढे सहकारी हे सगळे गुजराती बोलतात; मराठी ते फक्त आपल्याहून मोठ्या माणसांकडून ऐकते. त्यामुळे त्याच्या मराठीत एक विचित्र जोड तयार होते: शब्द आणि वाक्याची घडण आजीची, पण जिभेची सवय गल्लीतल्या मित्रांची. धागाकर्त्यांच्या भाचीच्या तोंडी असे काही जुने शब्द आहेत का, जे तिच्या पुण्याच्या मैत्रिणी वापरत नाहीत?

दांडियाबाजार

आहेत! "वहिवाटदार" हा शब्द ती अगदी सहज वापरते. बडोदे संस्थानात महालाच्या, म्हणजे तालुक्याच्या, अधिकाऱ्याला वहिवाटदार आणि प्रांताच्या प्रमुखाला सुभा म्हणत. महाराष्ट्रात ज्याला मामलेदार म्हणत तोच हा. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, सुभे गेले, वहिवाटदारही गेले, पण आमच्या घरात कोणी फार हुकूम सोडू लागला की "मोठा वहिवाटदार लागून गेलास!" असे आजही म्हटले जाते. भाचीने हे पुण्यात एका मुलीला ऐकवले तेव्हा त्या मुलीला वाटले की ही काही गुजराती शिवी आहे.

आणखी एक. आई स्वतःविषयी बोलताना "मी येत्ये", "मी करत्ये" असे म्हणते. भाची लहानपणी तसेच म्हणत असे, शाळेत गेल्यावर ते सुटले.

रावपुऱ्याची सून

हा धागा मी तीन दिवस वाचते आहे आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी साताऱ्याची. लग्न होऊन बडोद्यात आले त्याला बावीस वर्षे झाली. पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मी पूजा आटपते, तू तेवढे पोते फिरव." मी माळ्यावरून गव्हाचे रिकामे पोते शोधून आणले आणि हातात धरून उभी राहिले. गुजरातीत फरशी पुसण्याच्या फडक्याला "पोतुं" म्हणतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. नंतर लक्षात आले की आपल्याकडे त्याच फडक्याला "पोतेरे" म्हणतात, म्हणजे शब्द काही फार परका नव्हता; मीच साताऱ्याचे पोते डोक्यात घेऊन आले होते.

अशा शब्दांनी मला सर्वांत जास्त फसवले. निव्वळ गुजराती शब्द असला, म्हणजे खिडकीला "बारी" किंवा भाजीला "शाक", तर तो परका आहे हे लगेच कळते आणि माणूस सावध होतो. पण जो शब्द मराठीतही आहे आणि गुजरातीत वेगळ्या अर्थाने आहे, तो गुपचूप आत येतो. "फावणे" पाहा. साताऱ्याला आम्ही फक्त "फावल्या वेळात" किंवा "त्याचे चांगलेच फावले" एवढेच म्हणायचो. इथे "मला शिवणकाम फावत नाही", "तुला उद्या फावेल का?" असे सर्रास चालते, कारण गुजरातीत "फावे" म्हणजे जमणे, सोयीचे असणे. "गमत नाही" म्हणजे साताऱ्याच्या माझ्या आजोळी "करमत नाही". इथे त्याचा अर्थ "आवडत नाही". माझा मुलगा तीन वर्षांचा असताना दिवसभर "आई, सांभाळ ना!" म्हणत मागे लागायचा आणि मी त्याला कडेवर घ्यायची. बिचाऱ्याला म्हणायचे असायचे, "आई, ऐक ना!"

आता माझी स्वतःची कबुली. गेल्या दिवाळीत माहेरी गेले तर आई म्हणाली, "तू आता गुजराती बायांसारखी बोलायला लागलीस." मला ते खरे वाटले नाही. भावाने फोनवर रेकॉर्ड करून ऐकवले तेव्हा खरे वाटले. बावीस वर्षे मी मुद्दाम काहीही बदललेले नाही.

ध्वनिवेडा, उच्चार लहानपणी ठरतात असे आपण म्हणता, मग माझ्यासारख्या मोठ्या बाईचे काय झाले?

ध्वनिवेडा

ताई, आपला प्रश्न अगदी नेमका आहे. पाया लहानपणी पडतो, पण माणूस पुढेही थोडाथोडा सरकत राहतो. याचा गाजलेला पुरावा इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या बोलण्यातून मिळाला. त्या दरवर्षी नाताळला आकाशवाणीवरून भाषण करीत. हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकातील आणि १९८० च्या दशकातील भाषणांमधील स्वर मोजून पाहिले आणि २००० साली ते प्रसिद्ध केले. राणीचे स्वर त्या तीस वर्षांत दक्षिण इंग्लंडमधील सामान्य, तरुण लोकांच्या स्वरांकडे सरकले होते. पूर्ण पोहोचले नव्हते, पण सरकले होते. ज्या उच्चारांना त्या देशात "राणीची इंग्रजी" म्हणत, ते खुद्द राणीच्याच तोंडी स्थिर राहिले नाहीत.

दुसरे उदाहरण याहून जुने आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिन्यर्ड नावाचे बेट आहे. विल्यम लबॉव्ह यांनी तिथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. "राइट" आणि "हाउस" यांसारख्या शब्दांतील जोडस्वर तिथले काही लोक जुन्या, बेटावरच्या पद्धतीने म्हणत, आणि नवल असे की ही सवय कमी होण्याऐवजी काही तरुणांत वाढत होती. उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड उडे, जमिनी त्यांच्याकडे जात होत्या, आणि ज्या तरुणांना बेटावरच राहायचे होते त्यांच्या तोंडी हा उच्चार सर्वांत ठळक होता. ज्यांना बेट सोडून जायचे होते त्यांच्या तोंडी तो फिका होता. म्हणजे आपण कोणाचे आहोत, कुठे राहणार आहोत, हे माणूस न ठरवताही जिभेने सांगत असतो. आपली बावीस वर्षे, ताई, बहुधा त्याच हिशेबात जमा झाली आहेत.

शनिवारपेठी

राणीचे उदाहरण आवडले. चूक ती चूकच, हे मात्र मागे घेत नाही.

मालव_मराठी

मी इंदूरचा, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत वाढलेला. धागाकर्त्यांचा नियम मला मोहक वाटला, पण आमच्या शहरात तो एका ठिकाणी अडतो.

१८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि मराठी वस्ती वाढली. तेव्हा आमचा शेजारी हिंदी नव्हता, माळवी होता. माळवीत ळ आहे, ण आहे. त्यामुळे आपल्या नियमाप्रमाणे इंदूरच्या मराठीत ळ टिकायला हवा, आणि माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत तो खरोखर टिकला होता. पण माझ्या नातवंडांच्या तोंडी तो ग्वाल्हेरसारखाच ल झाला आहे. माळवी तर तिथेच आहे, चाळीस किलोमीटरवरच्या कोणत्याही खेड्यात जा. मग टेकू असूनही भिंत का पडली?

मला सुचणारे उत्तर असे: माळवी खेड्यात राहिली आणि शहरातून गेली. माझ्या लहानपणी दूधवाला, भाजीवाली, टांगेवाला हे सगळे माळवीतून बोलत आणि आम्ही मुले त्यांना माळवीतूनच उत्तर देत असू. आज दूधवाल्याचा नातू इंजिनियर आहे आणि तो घरी आईशीही हिंदीच बोलतो. म्हणजे आमची मराठी तिथेच उभी होती, शेजारच्या घरातले बिऱ्हाड बदलले.

एक गोष्ट मात्र आपल्या नियमाच्या बाजूने सांगतो. "आपण" आणि "आम्ही" हा भेद आमच्या नातवंडांतही पक्का आहे, कारण इंदुरी हिंदीत "अपन" जोरात चालतो: "अपन चलते हैं", "अपन को क्या". हिंदीच्या पुस्तकात नसलेला हा भेद हिंदीच्या तोंडून आमच्या मराठीला टेकू देतो आहे. सराफ्यात रात्री अकरा वाजता उभे राहिलात तर दहा मिनिटांत पन्नास वेळा ऐकाल.

दांडियाबाजार

मालव_मराठी, आपण माझ्या नियमाला जे वळण दिलेत त्याबद्दल मनापासून आभार. शेजार एकदाच ठरत नाही, हे मी लक्षात घेतले नव्हते. बडोद्यातही शेजार बदलतो आहे. १९६५ मध्ये कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना आला, त्यामागून रसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर देशभरातून माणसे आली. आमच्या जुन्या शहरात अजून गुजरातीच आहे, पण नव्या वसाहतींत मुले आपापसांत हिंदी बोलतात. माझा धाकटा भाऊ तिकडे राहतो. त्याच्या नातवाने परवा मला "काल" हा शब्द दोन अर्थांनी वापरून गोंधळात टाकले, आणि मी जरा दचकलो, कारण त्यातला एक "काल" खरे तर "काळ" होता. आपले इंदूर आमच्या दारापर्यंत येऊन ठेपले आहे म्हणायचे.

एक शंका मात्र अजून शिल्लक आहे. सुरुवातीची मराठीच एक नव्हती. गायकवाडांबरोबर पुणे प्रांतातले लोक आले, कारभाराच्या निमित्ताने कोकणातले आले, प्रभू मंडळी आली. १८७५ साली सयाजीराव दत्तक आले ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून, वयाच्या बाराव्या वर्षी. त्यांच्या तोंडी त्या वेळी कोणती बोली असेल, याचा विचार करायला मला फार आवडते. मग आई जी बोलते ती या सगळ्यांतली नेमकी कोणाची मराठी?

ध्वनिवेडा

कोणा एकाची नाही. अनेक बोलींचे लोक एका नव्या ठिकाणी जमले की काय होते, याची मांडणी पीटर ट्रडगिल यांनी १९८६ मध्ये केली आणि पुढे न्यूझीलंडच्या इंग्रजीवरून ती तपासली. पहिली पिढी एकमेकांना न समजणारे, फार गावठी किंवा फार वेगळे वाटणारे प्रकार हळूहळू टाकते. दुसऱ्या पिढीतील मुले सगळीकडचे मिसळून बोलतात, एकाच घरातली दोन भावंडे दोन तऱ्हांनी बोलतात. तिसऱ्या पिढीच्या सुमारास त्या मिसळीतून एक नवी, बरीचशी एकसारखी बोली घट्ट होते, आणि त्यात सहसा तेच उरते जे सुरुवातीला बहुसंख्यांच्या तोंडी होते. आपल्या आईंचे "येत्ये" उरले, कारण दांडिया बाजारात त्या तऱ्हेने बोलणारी घरे पुष्कळ होती. तेच एखाद्या मराठा सरदारांच्या वाड्यात उरले नसेल.

म्हणून "जुनी, शुद्ध बडोदेकर मराठी" असे आपण ज्याला म्हणतो, ते एका लोणच्याचे नाव आहे. मुरले आहे एवढेच.

कावेरीकाठ

तंजावरच्या मराठीविषयी सांगून थोडे विषयांतर करतो. आमचे लोक सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर गेले आणि आमचा शेजार तमिळ, म्हणजे अगदी निराळ्या कुळातला. ळ तमिळमध्ये आहे, त्यामुळे आमच्याकडेही तो आहे. आपला नियम इतक्या दूरही लागू पडतो, एवढेच नोंदवायचे होते.

रावपुऱ्याची सून

मला या सगळ्यात सुनांचा उल्लेख कुठेच दिसला नाही. बडोद्यातली बहुतेक मराठी घरे मुलांसाठी मुली महाराष्ट्रातून आणत. दर पिढीत एक साताऱ्याची, एक कोल्हापूरची, एक नाशिकची बाई घरात येते आणि मुलांना जेवताना, झोपताना, रागावताना तीच बोलते. मराठी वर्तमानपत्र, मराठी शाळा, साहित्य संमेलने हे सगळे असेल. बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार संमेलने झाली, सासूबाई १९३४ च्या आठवणी ऐकीव असूनही पाहिल्यासारख्या सांगायच्या. पण मधली चौऱ्याऐंशी वर्षे संमेलनावर भाषा टिकली नाही. ती स्वयंपाकघरात टिकली. आता मुले स्वतः जोडीदार शोधतात आणि माझी होणारी सून नडियादची आहे. गोड मुलगी आहे. माझ्या नातवाच्या तोंडी साताऱ्याचे काय जाईल, ते मला माहीत आहे, काहीच नाही.

लष्करवाला

ताईंचा प्रतिसाद वाचून ग्वाल्हेरचे आठवले. आमच्याकडे सुना इंदूर, झाशी आणि सागरहून येत, महाराष्ट्रातून फार कमी. म्हणजे बाहेरून ताजी मराठी घरात येण्याचा तो रस्ताही आमच्याकडे अरुंदच होता. ळ लवकर का गेला, याचे आणखी एक कारण हे असू शकेल.

दांडियाबाजार

मंडळी, एक प्रयोग करू या का? एक वाक्य ठरवू आणि प्रत्येकाने घरातल्या तीन पिढ्यांकडून ते वाचून घ्यावे. मी असे जुळवले आहे: "कृष्णाचे बाळ ज्ञानेश्वरांचे पुस्तक घेऊन झाडाजवळ बसले." यात ऋ, ळ, ज्ञ, दातांचा झ आणि नपुंसकलिंग असे सगळेच आले.

शनिवारपेठी

कृष्णाचे बाळ कोणते, आणि त्याला ज्ञानेश्वर कसे मिळाले?

ध्वनिवेडा

काळाचा घोळ क्षम्य आहे, पण प्रयोगात एक दोष आहे. "बसले" हे लिहूनच दिले तर वाचणारा "बसले" असेच वाचणार. त्यातून लिंगाची परीक्षा होत नाही, फक्त उच्चारांची होते. लिंगासाठी वस्तू समोर ठेवावी आणि काही न लिहिता प्रश्न विचारावा. शिवाय वाचताना माणूस सावध असतो. खरी बोली ऐकायची असेल तर ती चुकून ऐकावी लागते.

मालव_मराठी

वाक्य वाचून घेतले. मी: सगळे बरोबर, झ मात्र टाळूचा, हे मला आजच कळले. मुलगा: "क्रिष्ण", "ग्यानेश्वर", ळ बरोबर. नात: "बाल" आणि "झाडाजवल", आणि वाचून झाल्यावर "आजोबा, ही वाक्य कोणी लिहिली?" लिंगाची परीक्षाही त्यातच झाली.

लष्करवाला

आमच्याकडचा निकाल इंदूरच्या नातीसारखाच, फक्त तो मुलाच्याच पिढीत लागला.

दांडियाबाजार

आमच्याकडचा निकाल. भाचीने पुण्याहून ध्वनिमुद्रण पाठवले. ळ आणि कृष्ण उत्तम, झ टाळूचा. पण ज्ञानेश्वर तिने चक्क "द्न्यानेश्वर" म्हटले. चार महिन्यांत पुण्याने एवढे काम केले, आणि ते तिच्या आजीला एकोणीस वर्षांत जमले नव्हते. ध्वनिवेडा यांचे बरोबरीच्या मुलांविषयीचे म्हणणे मला आता पूर्ण पटले.

आईने वाक्य वाचले ते चष्मा लावून, सावकाश, आणि एकही अक्षर न चुकता: दातांचा झ, द्न्यानेश्वर, ळ, सगळे जसेच्या तसे. मी मनात म्हटले, हाच आपला मापदंड. तिने कागद माझ्या हातात परत दिला, चष्मा काढला आणि स्वयंपाकघराकडे पाहून विचारले, "चहा झाली का?"

मी साठ वर्षे हे ऐकत आलो आहे. गुजरातीत चा स्त्रीलिंगी आहे आणि आमच्या घरात चहा "झाली"च असते, ती "छान" असते आणि "गार" होऊन जाते. आईची आईसुद्धा तसेच म्हणत असे. मला आजवर ते कधी ऐकूच आले नव्हते.

मालव_मराठी

आमच्याकडेही झालीच आहे. आले घालून.

लष्करवाला

आमच्याकडेही तीच.

शनिवारपेठी

तो चहा. बाकी चालू द्या.